शब्द टाकणारा राजा : सरफोजी महाराज (दुसरे)

तंजावरात राहणाऱ्या मराठी माणसाला सरफोजी महाराजांची ओळख करून देण्याची गरज नाही. गावाकडून पाहुणे आले की आपण त्यांना आधी बृहदीश्वराचे मोठे देऊळ दाखवतो, मग राजवाड्यात नेतो, सरस्वती महालातली ताडपत्रे दाखवतो आणि शेवटी महाराजांच्या संगमरवरी पुतळ्यापाशी उभे करतो. डोक्यावर ती विशिष्ट टोकदार पगडी आणि दोन्ही हात जोडलेले. पाहुणा विचारतो, राजा आणि हात का जोडून उभा आहे? आपण म्हणतो, भक्तिभावाने. ते खरेच असेल. पण महाराजांचे चरित्र जसजसे वाचावे तसतसे वाटू लागते की या जोडलेल्या हातांमागे आणखीही एक हकीकत आहे.

ग्रंथप्रेमी राजा, वैद्यकाचा अभ्यासक राजा, संगीत-नाट्याचा आश्रयदाता राजा अशी त्यांची अनेक रूपे आपल्या कानांवरून गेलेली आहेत आणि ती सर्व यथार्थ आहेत. प्रस्तुत लेखात मात्र एका वेगळ्याच धाग्याने त्यांचे आयुष्य पाहायचे आहे. तो धागा म्हणजे रदबदली. ज्याला स्वतःला बोलता येत नाही किंवा ज्याचे कोणी ऐकत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने शब्द टाकणे. आज वकील म्हटले की काळा कोट डोळ्यांसमोर येतो, पण जुन्या मराठी दरबारात एका धन्याची बाजू दुसऱ्या दरबारात जाऊन मांडणारा तो वकील. सरफोजी महाराज गादीवर बसले ते तलवारीच्या जोरावर नव्हे, तर कोणीतरी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे कागद लिहिले म्हणून. आणि गादीवर बसून राज्य हातचे गेल्यावर त्यांनीही तोच मार्ग धरला. फरक एवढाच की या वेळी कागद लिहिणारे ते होते आणि ज्यांच्यासाठी लिहायचे ते रस्त्याने जाणारे अनोळखी वाटसरू होते.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. भोसले कुळातल्याच एका शाखेतला हा मुलगा. एकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठी जे मराठी राज्य स्थापले, त्याला तेव्हा शंभर वर्षे होऊन गेली होती आणि ते चांगलेच खिळखिळे झाले होते. गादीवर तुळजाराजे दुसरे होते. त्यांच्या कारकिर्दीत १७७३ ते १७७६ अशी तीन वर्षे तंजावर अर्काटच्या नबाबाच्या घशात गेले होते. कंपनीने ते परत मिळवून दिले खरे, पण त्याबरोबर कंपनीचा पायही घट्ट रोवला गेला. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने सारा मुलूख उजाड केला. त्यात तुळजाराजांची मुलेबाळे एकामागून एक गेली. प्रकृती ढासळलेली, वारस नाही, अशा स्थितीत जानेवारी १७८७ मध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि काही दिवसांतच देह ठेवला.

मरण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटली असणार. मुलाला सांभाळा, असे त्यांनी एका जर्मन मिशनऱ्याला सांगितले. हे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. १७२६ साली प्रशियात जन्मलेले, १७५० मध्ये तरंगंबाडीच्या डॅनिश बंदरात उतरलेले आणि नंतर परत मायदेशी न गेलेले गृहस्थ. तमिळ त्यांना येत होतीच, फारसी आणि पोर्तुगीजही येत होती. तंजावर दरबाराशी बोलता यावे म्हणून त्यांनी मराठी शिकून घेतली. ही शेवटची गोष्ट लहान वाटेल, पण पुढच्या सगळ्या कथेचे मूळ तिच्यात आहे. अंधारात कोंडलेल्या एका मराठी मुलाचे म्हणणे दुभाष्यावाचून ऐकू शकेल असा एक तरी परका मनुष्य त्या गावात होता.

श्वार्ट्झ यांनी एकट्याने पालकत्व घेण्यास नकार दिला. राजवाड्यातल्या मुलाचे रक्षण परधर्मीय पाद्री कसे करणार, हा त्यांचा विचार व्यवहारी होता. तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनाच पालक नेमावे, असा सल्ला त्यांनी दिला. अमरसिंगांनी मुलाला जपण्याचे वचन दिले. राजे वारले आणि थोड्याच दिवसांत अमरसिंगांनी गादीवर हक्क सांगितला. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांच्यापुढे प्रश्न गेला. पंडितांना विचारले गेले. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक, मग तो दत्तक देता येतो का? त्याचे वय योग्य होते का? तुळजाराजे त्या वेळी शुद्धीवर होते का? पंडितांनी दत्तकविधान अशास्त्र ठरवले आणि १७८७ मध्येच अमरसिंग राजे झाले. श्वार्ट्झ यांनीही त्या वेळी हा निकाल मान्य केला, हे लपवण्याचे कारण नाही. रदबदली करणारा मनुष्य पहिल्या दिवसापासून सगळे ओळखून असतो असे नाही. समोर घडणारे पाहून तो हळूहळू जागा होतो.

समोर घडत होते ते असे. मुलाला राजवाड्यातल्या एका खोलीत ठेवले होते. उजेड नाही, बाहेर जाणे नाही, शिक्षण नाही, भेटायला येणाऱ्यांना मज्जाव. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखही नव्हती. श्वार्ट्झ त्याला भेटायला गेले तेव्हा त्याने विचारले म्हणतात की तुमच्या देशातही मुलांना सूर्यचंद्र दिसू देत नाहीत का. या मुलाने पुढे हजारो ग्रंथ जमवले, हे आठवले की अंगावर काटा येतो. ज्ञानाची एवढी भूक कुठून आली, असे महाराजांबद्दल बोलताना लोक म्हणतात. ती बहुधा त्या खोलीतून आली असावी, असे मला वाटते.

तुळजाराजांच्या विधवा राण्यांचेही हाल काही कमी नव्हते. मृत राजाच्या बायका आणि त्याचा दत्तक मुलगा, म्हणजे राजवाड्यातली सर्वांत दुबळी माणसे. त्यांच्याकडे पैसा नाही, फौज नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच पहाऱ्यातून ती बाहेर जायची. श्वार्ट्झ यांनी या सर्वांच्या वतीने मद्रासला लिहायला सुरुवात केली. मुलाच्या पहाऱ्यावर कंपनीचे शिपाई आले, श्वार्ट्झ यांच्याकडे पालकत्व पुन्हा आले, तरीही त्रास थांबला नाही. अखेर १७९३ च्या जानेवारीत सरफोजी आणि राण्या यांना तंजावराहून हलवून मद्रासला नेण्यात आले. श्वार्ट्झ बरोबर होते. त्या वेळी सरफोजी पंधरा वर्षांचे होते. खरे शिक्षण तिथे सुरू झाले.

जीव वाचला, पण हक्काचा प्रश्न शिल्लक होता. श्वार्ट्झ यांनी आता दत्तकविधानाचाच मुद्दा पुन्हा उकरून काढला. पहिल्या पंडितांचे मत कितपत निर्भेळ होते, याची शंका घेतली गेली. गव्हर्नर जनरलच्या पातळीवर बंगाल आणि काशी येथील पंडितांना प्रश्न विचारण्यात आला. एकुलता एक मुलगा देणे दोषास्पद असेलही, पण एकदा विधिपूर्वक दिला-घेतला गेल्यावर ते दत्तक रद्द होत नाही, अशा आशयाचा कौल आला. एका जर्मन पाद्र्याने हिंदू धर्मशास्त्राच्या आधारे एका मराठी राजपुत्राचा हक्क लंडनच्या व्यापारी कंपनीकडून मान्य करून घेतला! इतिहासात अशी खिचडी क्वचितच शिजते.

सरफोजी तंजावरास परतले. आयुष्यभराच्या या खटाटोपाचे फळ पाहणे श्वार्ट्झ यांच्या नशिबी नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले. सरफोजी अंत्यसंस्काराला हजर होते. चार महिन्यांनी, जूनच्या अखेरीस, त्यांचा राज्याभिषेक झाला. शिवगंगा बागेजवळच्या चर्चमध्ये आपण कधी गेला असाल, तर फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराने घडवलेले संगमरवरी शिल्प पाहिले असेल. मृत्युशय्येवर श्वार्ट्झ, शेजारी त्यांचा हात हातात घेतलेले सरफोजी, आणि जवळ शाळेतली मुले. ते शिल्प महाराजांनी करवून घेतले आणि समाधीवरच्या इंग्रजी ओळीही स्वतः रचल्या. महाराज अखेरपर्यंत निष्ठावंत हिंदू राहिले, काशीयात्रेला गेले, मंदिरांना दाने दिली. तरी गुरूचे ऋण मानताना त्यांना धर्म आडवा आला नाही. कण्णंदंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची सोय त्यांनी केली, तीही याच भावनेतून.

इथे अमरसिंगांच्या बाजूनेही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. कंपनीच्या वाढत्या मागण्यांपुढे त्यांनी जमेल तितका विरोध केला, असे काही इतिहासकार मानतात, आणि कंपनीला ते नकोसे झाले त्यामागे हेही कारण होते. म्हणजे सरफोजींचा हक्क खरा होता, त्यांच्यावरचा अन्यायही खरा होता, पण कंपनीने तो दूर केला तो केवळ न्यायबुद्धीने नव्हे. अमरसिंग तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले आणि १८०२ मध्ये वारले. गादीची किंमत सरफोजींना लगेच मोजावी लागली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावर राज्याचा सर्व मुलकी आणि लष्करी कारभार कंपनीकडे गेला. महाराजांना वार्षिक एक लाख होन (स्टार पॅगोडा) आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा. सत्ता राहिली ती किल्ल्यापुरती. बावीस वर्षांच्या राजाच्या हाती राजवाडा, नाव आणि तैनात एवढेच उरले.

अशा राजाने काय करावे? ऐषआरामात दिवस काढावेत, नाही तर कुढत बसावे. संस्थानिकांच्या इतिहासात दोन्ही प्रकारची उदाहरणे भरपूर आहेत. महाराजांनी तिसरीच वाट घेतली, आणि तिची सुरुवात छत्रांपासून झाली.

छत्र, तमिळमध्ये चत्तिरम. तंजावर ते रामेश्वर हा यात्रेचा जुना रस्ता. काशीचे गंगाजल घेऊन रामेश्वराला जाणारे उत्तरेकडचे यात्रेकरू, बैरागी, जोगी, फिरते व्यापारी, दुष्काळात गाव सोडलेली कुटुंबे, सारे याच वाटेने जात. त्यांच्यासाठी भोसले राजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली, त्यांना जमिनी तोडून दिल्या आणि बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे दिली. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, मीमिसलचे राजकुमारांबा छत्र ही नावे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. तहानंतर मुलूख कंपनीचा झाला, म्हणजे छत्रांच्या जमिनीही कंपनीच्या अमलाखाली आल्या. महसूल गोळा करणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ही सगळी गळतीच. हिशेबाच्या वहीत एका रेघेने ती बंद करता आली असती. आणि बंद झाल्यावर ओरडणार कोण? वाटसरू आज इथे तर उद्या पुढच्या गावी. त्याला ना गाव, ना पाटील, ना वकील.

जानेवारी १८०१ मध्ये महाराजांनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना याविषयी एक सविस्तर पत्र लिहिले. महाराजांच्या सबंध आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा कागद होय, असे मला वाटते. सरस्वती महालातले अनेक दुर्मीळ ग्रंथ त्यांनी विकत घेतलेले किंवा उतरवून घेतलेले आहेत. हा कागद त्यांच्या स्वतःच्या मनातून उतरलेला आहे. त्यात हक्काची भाषा फारशी नाही. माझ्या पूर्वजांनी दिलेले दान आहे, ते परत द्या, एवढेच म्हणून ते थांबले नाहीत. छत्रात रोज काय घडते, ते त्यांनी एकेक करून सांगितले.

तिथे ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला अन्न मिळते. दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले ज्याला चालत नाही त्याला कोरडा शिधा मिळतो. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चालते आणि मग घंटा वाजवून, अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे, असे पुकारले जाते. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो बरा होईपर्यंत सांभाळतात. तान्ह्या मुलांना दूध मिळते. गरोदर स्त्री छत्रात आली आणि तिथेच बाळंत झाली, तर बाळंतपणाचा खर्च छत्राचा, आणि पुढे तीन महिने तिला तिथे राहता येते. कोणी वाटसरू तिथेच मेला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होतात. त्याची मुले मागे राहिली तर ती छत्रातल्या पंतोजींच्या स्वाधीन होतात. त्यांना तीन वेळा जेवण, चौथ्या दिवशी अंगाला तेल, कपडे, औषध, आवडीप्रमाणे विद्या, आणि मोठी झाली की लग्नाचा खर्चसुद्धा. वेद शिकवणारे, शाळा चालवणारे, विंचूसापाचे विष उतरवणारे वैद्य असे सगळे तिथे नेमलेले असतात.

शेवटी महाराजांनी म्हटले आहे की तंजावरची ख्याती या दानधर्मामुळे आहे, लोक त्याला धर्मराज्य म्हणतात, आणि इतर कोणत्याही मानापेक्षा हा मान मला अधिक वाटतो. तेव्हा ही छत्रे माझ्याच व्यवस्थेत राहू द्यावीत.

या पत्रातली बारकाई पाहा. मध्यरात्रीची घंटा, चौथ्या दिवसाचे तेल, बाळंतिणीचे तीन महिने. ज्याने हे लिहिले त्याला माहीत होते की वरच्या अधिकाऱ्याला गरिबांचा कळवळा घाऊक शब्दांत पोचत नाही. त्याच्यापुढे एक बाळंतीण उभी करावी लागते, एक पोरके मूल उभे करावे लागते. अनाथ मुलांचा मजकूर लिहिताना महाराजांना स्वतःची अंधारी खोली आठवली असेल का? कागदावर तसे काही नाही. पण तेव्हा त्यांना तिथून सुटून पुरती दहा वर्षेही झाली नव्हती.

पत्राचा उपयोग झाला. छत्रे महाराजांच्या व्यवस्थेत राहिली आणि त्यांच्या हयातीत त्यांचा व्याप वाढला. त्यातले सर्वांत मोठे ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र. मुक्तांबा ही महाराजांची प्रिय स्त्री, पण विवाहित राणी नव्हे. मरताना तिने आपल्या नावाने एक छत्र उभारावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि ज्या मानाने राण्यांच्या नावांची छत्रे होती त्याच मानाने १८०३ च्या सुमारास तिच्या नावाचे छत्र उभे राहिले. तिथे अन्नछत्राबरोबर शाळा चालली, औषधोपचाराची सोय झाली. राजवाड्याच्या पायऱ्यांवर जिचे स्थान खालचे, तिचे नाव महाराजांनी गावालाच दिले. ओरत्तनाडला मुक्तांबाळपुरम असेही म्हणत.

१८०३ मध्येच बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा तो प्रसिद्ध मराठी शिलालेख कोरला गेला. आपण सारे त्याच्यापुढे उभे राहून अभिमानाने फोटो काढतो. एवढा मोठा मराठी शिलालेख दुसरा नाही, असे सांगतो. परंतु तहाने राज्य गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी एवढी लांबलचक हकीकत दगडात कोरण्याची गरज का भासली असेल? माझ्या मते ती एक कैफियतच आहे. आम्ही कोण, कोठून आलो, या मुलखाशी आमचे नाते काय, हे कागदावर लिहिले तर दप्तरात हरवेल, म्हणून भिंतीवर लिहिले.

महाराजांच्या विद्याव्यासंगाविषयी पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. राजवाड्यात देवनागरी छापखाना आला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूप, बालबोधमुक्तावली, छापले गेले. पुण्यामुंबईत मराठी पुस्तके छापली जाण्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट! धन्वंतरी महालात औषधींचा अभ्यास चाले. नेत्ररोगांच्या चाळीसहून अधिक रुग्णांची टिपणे सरस्वती महालात जपलेली आहेत, त्यांत मोतीबिंदूचेही रुग्ण आहेत. अंधारातून आलेल्या राजाला डोळ्यांच्या दुखण्यात इतका रस असावा, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. १८२० ते १८२२ या काळात सुमारे तीन हजार माणसांसह महाराज काशीयात्रा करून आले. त्यासाठीही कंपनीची परवानगी घ्यावी लागली.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ते कंपनीपुढे फार नमले. पट्टुकोट्टैजवळ समुद्रकाठी नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ मनोरा बांधणारा राजा स्वाभिमानी कसा, असे विचारतात. आक्षेप अगदीच खोटा नाही. मनोऱ्याकडे पाहताना मराठी मनाला थोडे लागतेच. पण फौज नसलेल्या माणसाकडे मागण्याशिवाय दुसरे साधन नसते, आणि मागणाऱ्याला देणाऱ्याशी बिघडवून चालत नाही. कोणासाठी मागितले, हे मात्र पाहावे लागते. आपल्यातले जे बांधव गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून इकडच्या गावांत आले, किंवा बँकेच्या, रेल्वेच्या बदलीने आले, त्यांना याची चव ठाऊक आहे. पहिल्या वर्षी तमिळचा एक शब्द येत नाही. मुलाचा शाळाप्रवेश असो, शिधापत्रिका असो, की रात्री दवाखान्यात न्यायचे असो, कोणीतरी आधी आलेला मराठी माणूस किंवा एखादा सहृदय तमिळ सहकारी बरोबर येतो, खिडकीपाशी उभा राहतो आणि आपल्या वतीने बोलतो. तो खिडकीतल्या बाबूशी वाद घालत नाही, नम्रपणे बोलतो. त्याला कोणी लाचार म्हणत नाही. असो.

७ मार्च १८३२ रोजी महाराज निवर्तले. गादीवर त्यांचे पुत्र शिवाजीराजे आले. १८५५ च्या ऑक्टोबरात तेही पुरुष वारसाविना वारले आणि तंजावरची गादी कंपनीने खालसा केली. पुढच्या वर्षी कंपनीच्या माणसांनी राजवाड्याला मोहोरा लावल्या. राज्याबरोबर घरची खासगी मालमत्ताही जप्त केली. पुन्हा एकदा मागे उरल्या त्या विधवा राण्या. सत्तर वर्षांपूर्वीचाच प्रसंग, पण या वेळी श्वार्ट्झ नव्हते आणि शब्द टाकणारा राजाही नव्हता. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात थेट कंपनीवर दावा लावला. जॉन ब्रूस नॉर्टन या इंग्रज वकिलाने त्यांची बाजू हाती घेतली. मद्रासच्या कोर्टाने राणीसाहेबांच्या बाजूने निकाल दिला! सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले आणि १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला. ही राज्यसत्तेने केलेली कृती आहे, ती न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याचा कोर्टाला अधिकार नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. कायद्याची पुस्तके हा खटला अजून शिकवतात.

कोर्टात हरलेली गोष्ट अर्जविनंत्यांतून मात्र जिवंत राहिली. १८६२ मध्ये सरकारने जप्त केलेल्या खासगी जमिनी राण्यांना परत दिल्या.

छत्रे पुढे सरकारच्या आणि नंतर जिल्हा बोर्डाच्या हाती गेली. काही पडली, काहींचे रूप बदलले. ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र उभे आहे. तंजावराहून पट्टुकोट्टैच्या बसने तासाभरात तिथे पोचता येते. रस्त्यालगतची ती इमारत दगडी रथासारखी आहे, आणि त्या रथाला हत्ती-घोडे जोडलेले आहेत. यंदा विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जाऊन यावे.